पाण्यानं ठेवलेलं नाव

ला फाय, १२ मार्च १९९०

प्रिय आन्येस,

तिएरीनं मला फोन केला म्हणून त्याच्यावर चिडू नकोस. तुझा नवरा फार वेळ बोलला नाही. तुझं यकृत, डॉक्टरांचं म्हणणं, नोव्हेंबरपासून शाळेत जाणं बंद, एवढंच सांगितलं. मी विचारलं, मी ग्रेनोब्लला येऊ का? तो कागदावरून वाचावं तसं म्हणाला, "ती म्हणते, नाव घेऊन या. नाव नसेल तर येऊ नका."

सहा वर्षांनी तुझा निरोप आला तो असा. मी बटाटे सोलत होते. फोन ठेवल्यावर उरलेले सोलले आणि मग लक्षात आलं की दोघांचे सोललेत. पापा जाऊन चार वर्षं झाली तरी हात ऐकत नाहीत.

जे तेव्हा सांगितलं तेच आज सांगते. तुला जन्म देणाऱ्या मुलीनं तुझं काय नाव ठेवलं होतं ते मला माहीत नाही. मठातल्या सिस्टरांनी तुला माझ्या हातात दिलं तेव्हा तू चार दिवसांची होतीस. आम्हाला त्याआधी दोन मुलं झाली होती आणि दोघांनीही श्वास घेतला नव्हता. सुईणीनं तू माझ्या पोटची असं लिहून दिलं, नगरपालिकेत तशी नोंद झाली, आणि मी तुला आन्येस म्हटलं. हे सगळं मी स्वतः तुला सांगायला हवं होतं. तुला ते वर्गात, मुलांना रक्तगट शिकवताना, फळ्यासमोर कळावं, पापाच्या ऑपरेशनच्या वेळचं रक्तगटाचं कार्ड उदाहरण म्हणून घेतलेलं असताना कळावं, यासाठी मी माफी मागितली आहे. पुन्हा मागते. पण जे माहीत नाही ते कुठून आणू?

इथलं सांगते. नगरपालिकेनं पाच झऱ्यांची वाट आखली आहे. झाडांवर आणि दगडांवर पिवळे पट्टे मारलेत, म्हणजे परगावच्या लोकांनी देवळापासून निघावं, स्मशानातला मृतांचा दिवा पाहावा, माळावरचे रोमन दगड पाहावे, घळीतल्या धबधब्यापर्यंत जावं. देवळाची किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. दारावर पाटी आहे, "किल्ली समोर, मादाम देबोर्द यांच्याकडे". परवा एक इंग्रज जोडपं आलं. बाई म्हणाली, किती शांत आहे इथं! मी म्हटलं, हो, सगळे मेलेत. तिला वाटलं मी विनोद केला.

मी लेओंतीनकडे जाणार आहे. कोळसे टाकणारी लेओंतीन, तीच. चौऱ्याऐंशीची झाली. तुझ्या लहानपणी मी तुला तिच्याकडे कधी नेलं नाही. तुला डांग्या खोकला झाला तेव्हा आख्खं गाव सांगत होतं, कोळसे टाकून बघ, ज्याच्या नावाचा कोळसा बुडेल त्या संतानं पोरीला धरलंय असं समज, मग त्याच्या झऱ्यावर जाऊन ये. मी डॉक्टर आणला. मठात शिकलेली बाई असल्या गोष्टी करत नाही, असं सांगितलं. आता करणार आहे. हसायचं तर हस.

तुझी आई


ला फाय, २७ मार्च

प्रिय आन्येस,

लेओंतीनकडे जाऊन आले. तिचं स्वयंपाकघर तसंच आहे, चुलीजवळ मांजर, खिडकीत औषधांच्या बाटल्या. टीव्ही मात्र नवा घेतलाय आणि त्याच्यावर संत मार्सियालचा पुतळा ठेवलाय.

"आजारी कोण?" तिनं विचारलं.

"माझी मुलगी."

"स्वतः का नाही आली?"

"ग्रेनोब्लला असते."

"मग तिच्या वतीनं तू चालशील. चालेल. नाव?"

"आन्येस."

तिनं हेझेलच्या काड्या जाळून कोळसे केले, वाडग्यात पाणी घेतलं आणि एकेका संताचं नाव घेत एकेक कोळसा टाकायला लागली. "आन्येससाठी, संत मार्सियाल." तरंगला. "आन्येससाठी, संत लेओनार." तरंगला. एलुआ, यूत्रोप, सगळे. तेराच्या तेरा कोळसे वाडग्यात बदकांसारखे फिरत राहिले. तिनं ते काढले, पुसले, पुन्हा पेटवले, पुन्हा टाकले. पुन्हा तेच.

"सोलांज," ती म्हणाली, "पन्नास वर्षं मी हे करतेय. माणसांसाठी केलं, गाईंसाठी केलं. एकदा पोस्टमन मोरिसेच्या बापानं त्याच्या मोटरसायकलसाठी करायला लावलं, तर तिचा कोळसासुद्धा बुडाला. तुझ्या मुलीचा बुडत नाही."

"म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे मी ज्या नावानं हाका मारतेय त्या नावाचं कुणी नाही."

"नगरपालिकेत नोंद आहे."

"नगरपालिका कोळसे टाकते का? कागदावरचं नाव कागदापुरतं. पोरीला पहिलं पाणी लागलं तेव्हा जे नाव घेतलं असेल तेच तिचं नाव. तू तर सिस्टरांच्या हाताखाली शिकलीस, तुला मी काय सांगू?"

खरं आहे, आम्हाला ते तोंडपाठ होतं. बाप्तिस्मा एकदाच होतो, दुसऱ्यांदा होत नाही. मूल दगावेल अशी भीती असेल तर कुणीही देऊ शकतं, मोलकरीणसुद्धा, घोटभर पाणी आणि चार शब्द पुरतात. सिस्टर आंब्रुआझ आमच्याकडून बाहुलीवर करून घ्यायच्या. मीही हे सगळं लेओंतीनला म्हणून दाखवलं आणि म्हटलं की तुला आमच्या देवळात, आमच्या पाद्रींनी पाणी दिलं, आणखी काय हवं? तिनं वाडगं उचलून मोरीत रिकामं केलं.

काड्या फार वाळलेल्या होत्या, दुसरं काही नाही. ओल्या काडीचा कोळसा जड होतो. मी आपल्या मनानंच एका झऱ्यावर जाऊन येणार आहे.

तुला भूक लागते का? तिएरीला चेस्टनटचं सूप जमत असेल का?

तुझी आई


ला फाय, २३ एप्रिल

प्रिय आन्येस,

काल झऱ्यावर गेले. पाचातला मी संत वालेरीचा निवडला. तो सगळ्यात लांब, जायला आठ किलोमीटर. तोच का, ते विचारू नकोस.

नियम असा की घराच्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. सोपं वाटतं, पण आपल्याकडे कुणाला न बोलता गावाबाहेर पडता येतं का? देवळाच्या कोपऱ्यावरच पोस्टमन मोरिसे भेटला. "बाँजूर, मादाम देबोर्द!" मी मान खाली घालून पुढे गेले. तो मागून ओरडला, "जीभ काय पोस्टात टाकलीत? तिकीट लावलंत ना?" आता आठवडाभर मला पत्रं उशिरा देईल.

स्मशानातला दिवा तुला आवडायचा. पोकळ दगडी खांब, वर बारीक खिडक्या. "आतमध्ये कोण दिवा लावतं?" विचारायचीस. पापा म्हणायचा, "सगळ्यात लहान मेलेला." त्या रात्री तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस आणि मी पापाशी दोन दिवस अबोला धरला होता. आता तिथं काचेखाली माहिती लावली आहे, बारावं शतक वगैरे. त्या माहितीत सगळ्यात लहान मेलेल्याचा उल्लेख नाही.

माळावर पिवळी झुडपं फुललीत. रोमन दगड दरवर्षी थोडे आणखी जमिनीत जातात, की गवत वर येतं कोण जाणे. तिथं एक हॉलंडचं जोडपं नकाशा उलटा धरून उभं होतं. "मादाम, धबधबा?" मी काठीनं दाखवलं. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही, म्हणून दोघं आलटून पालटून ओरडायला लागले, "ध-ब-ध-बा!" मी पुन्हा काठी दाखवली. बाईला माझी दया आली. तिनं पिशवीतून बिस्किट काढून हातावर ठेवलं आणि गालावरून हात फिरवला. मी ते बिस्किट घळ उतरताना खाल्लं. चांगलं होतं.

घळीत पाणी पुष्कळ आहे यंदा. धबधब्याच्या बाजूनं पायऱ्या आणि लोखंडी कठडा केलाय, आपण मुळं धरून चढायचो तिथं. वरती बीचची झाडं, त्यांच्या बुंध्याशी झरा, बुटका दगडी कमानीचा, कमानीवरचा संतिणीचा चेहरा झिजून नुसतं अंडं झालंय. बाजूच्या काटेरी झुडपावर लोकांनी आजाऱ्यांचे कपडे बांधलेत, बाळांची टोपडी, एक टाय, एक फुटबॉलचा शर्ट. मी तुझा निळा स्वेटर नेला होता. तो पाण्यात बुडवून बांधायचा होता. आठ किलोमीटर मी तोंड उघडलं नव्हतं. मी वाकले, आणि मागून एक बाई वाटेवरून जाता जाता म्हणाली, "बाँजूर, मादाम."

आणि मी म्हटलं, "बाँजूर, मादाम."

कळायच्या आत. मठात कुणी बाँजूर म्हटलं आणि आपण उलट म्हटलं नाही तर हाताच्या तळव्यावर लाकडी पट्टी बसायची. पन्नास वर्षांपूर्वीची पट्टी काल माझ्या तोंडून बोलली. ती बाई निघून गेली. स्वेटर मी तरीही भिजवून झुडपावर बांधला. मी दगडावर बसून हसले, मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही.

येताना लेओंतीनकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"बाँजूरनं काही बिघडत नाही," ती म्हणाली. "संतांनाही रीतभात कळते. चुकीच्या नावानं गेलीस तर मात्र घरीच कुणी सापडत नाही. चल, सांग आता."

"काय सांगू?"

"अगं, मी काय तुला आज ओळखते? खरं नाव सांग, नाहीतर ऊठ, मला कोंबड्या कोंडायच्यात."

मी वाकून तिच्या कानात सांगितलं. तिनं ते तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि पहिलाच कोळसा टाकला. दगडासारखा तळाला गेला.

तर आता तुला कळलं. नाव मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वीही माहीत होतं. राग कर, तुझा हक्क आहे. पण ये. तिएरीला सांग, गाडीनं आण. मी खाली बैठकीत तुझी खाट घालते, चढायला नको. माझ्याजवळ बस, मी तुझा हात हातात घेऊन सांगेन. असल्या गोष्टी पत्रात लिहायच्या नसतात.

तुझी आई


ला फाय, २१ मे

प्रिय आन्येस,

तुझं कार्ड आलं. मोरिसे उलटसुलट वाचूनच घेऊन आला असणार, कारण हातात देताना तो काही बोलला नाही, आणि असं त्याच्याकडून कधी होत नाही. पुढे बर्फाचे डोंगर, मागे तुझं अक्षर, पहिल्यापेक्षा मोठं आणि वाकडं: "आई, मी आता जिना उतरू शकत नाही. लिही."

मी ते कितीदा वाचलं म्हणून सांगू. "आई" लिहिलंस.

मला वाटलं, लिहू नये, आपणच जावं. तू येऊ शकत नाहीस तर मी येते, कानात सांगते. गुरुवारी बॅग भरली. दोन बाटल्या सफरचंदाचा रस, तुझ्या आवडीची चेस्टनटची जेली, निळा स्वेटर (झुडपावरून सोडवून आणला, सुकला आहे). शेजारच्या मारिनेतनं स्टेशनवर सोडलं. पण रेल्वेचा संप होता. फलाटावर बोर्डच लागला होता. तुला तर ठाऊक आहे ते लोक कसे आहेत, वसंत आला की संप. मी दोन तास बाकावर बसले आणि मारिनेतला फोन करून परत आले.

संप मिटला की येते. तोवर जेली पार्सलनं पाठवली आहे. तिएरीला सांग, झाकण गरम पाण्यात धरून उघड.

या दिवसांत माळावर संध्याकाळी कोकीळ असतो. तू मोजायचीस, किती वेळा ओरडला तितकी वर्षं आपण जगणार. काल तो ओरडायला लागला आणि मी घाईघाईनं आत जाऊन रेडिओ लावला.

तुझी आई


ला फाय, रविवार, २४ जून

आन्येस,

आज संत योहानाचा दिवस. नगरपालिकेच्या मैदानात सणाची होळी रचलीय, उन्हात पोरं तिच्याभोवती बाटलीच्या बुचांनी खेळतायत. मी जाणार नाही. हे पत्र आज लिहायचं ठरवलं होतं. तारीख मी निवडलेली नाही, तिनं निवडली होती.

संप नव्हता. गाडी आली होती, वेळेवर. दारं उघडली, बंद झाली. मी बाकावरून उठले नाही. कारण मला तुझा स्वभाव माहीत आहे. नाव ऐकलंस की तू पुढचं विचारणार: तुला ते कसं कळलं? आणि मग त्याच्या पुढचं. म्हणून सगळंच सांगते, म्हणजे तुला विचारायला नको.

तुझं नाव वालेरी.

मला वाटलं होतं झऱ्याचं नाव वाचून तू ओळखशील. तू नेहमी अर्ध्या शब्दावर ओळखायचीस. ओळखलं असतंस तर मला सांगावं लागलं नसतं, असला माझा हिशेब.

तुला जन्म देणाऱ्या मुलीचं नाव ज़िनेत. बुआ म्हणतात त्या शेतावर गाई राखायची. सतरा वर्षांची होती. तू धुण्याच्या कुंडाजवळच्या शेडमध्ये झालीस, तूही श्वास घेईनास, तेव्हा तिनं तिथलंच पाणी ओंजळीत घेऊन तुझ्या डोक्यावर घातलं, नाव घेतलं, आणि तू रडलीस. हे मला सिस्टरांनी सांगितलं. नाव माहीत आहे कारण तुझ्या दुपट्याला चिठ्ठी टोचलेली होती. सिस्टरांनी ती काढून माझ्या हातात दिली, "हे तुझं तू बघ" म्हणाल्या. पेन्सिलीनं लिहिलेलं, अर्धं फ्रेंच, अर्धी आपली गावची बोली: "मी तिला पाणी दिलं आहे. तिचं नाव वालेरी. संत योहानाच्या दिवशी मला पगार मिळेल, मग मी तिला न्यायला येईन."

ती आली, आन्येस.

तू अडीच महिन्यांची होतीस. तू आतल्या खोलीत झोपली होतीस, पापा गवत कापायला गेला होता. दुपार होती, दार उघडंच होतं. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिच्या पायात दुसऱ्या कुणाचे तरी मोठे बूट होते, आणि हातात लोकरीचं टोपडं होतं, तिनंच विणलेलं, एका बाजूला जास्त टाके. "बाँजूर, मादाम," म्हणाली. मी म्हटलं, "बाँजूर."

"मी वालेरीला न्यायला आले. सिस्टरांनी हे घर सांगितलं."

मठात आम्हाला शिकवलं होतं की खोटं बोलणं पाप आहे, पण सगळं खरं सांगायलाच हवं असं नाही. सिस्टर आंब्रुआझ उदाहरण द्यायच्या, सैनिक पळून आलेल्या माणसाला शोधत येतो, तो तुमच्या कपाटात आहे, तुम्ही काय म्हणाल? आम्ही सगळ्या हात वर करायचो. मला त्या विषयात पैकीच्या पैकी मार्क असायचे.

मी म्हटलं, "या नावाचं मूल या घरात नाही."

हे खरं होतं. तुझं नाव आन्येस होतं, नोंद झाली होती, पाद्रींनी पाणी दिलं होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आपल्या बुटांकडे पाहिलं. "माफ करा, मादाम. मला नीट ऐकू आलं नसेल." मग म्हणाली, "घोटभर पाणी मिळेल का?" मी दिलं. ती ते उभ्यानं प्यायली, तिनं ग्लास ॲप्रनच्या टोकानं पुसून परत दिला आणि आभार मानले. ती फाटकापर्यंत पोचली आणि तू रडलीस.

ती थांबली. तिनं वळून पाहिलं. मी दारात होते. ती कशाची वाट पाहत होती ते मला आजही ठाऊक आहे. मी एक शब्द बोलले असते तरी ती आली असती. मी दार लावून घेतलं.

नंतर ती पॅरिसला कुणाच्या घरी कामाला गेली असं ऐकलं. नंतर काही ऐकलं नाही. चिठ्ठी मी त्याच दुपारी स्टोव्हमध्ये घातली. पापाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्याला दोष देऊ नकोस.

अडतीस वर्षं तू मला आई म्हटलंस. त्यातलं एकही वर्ष मी परत द्यायला तयार नव्हते, आजही नाही. म्हणून तू जिवाच्या आकांतानं विचारलंस तरी मी माहीत नाही म्हटलं, म्हणून "ये, मग सांगते" म्हटलं. नाव सांगितलं की ती फाटकाशी पुन्हा येऊन उभी राहील, आणि या वेळी तू तिच्याकडे जाशील.

जा. पाकीट लिहून ठेवलं आहे. आज पोस्ट बंद. उद्या मोरिसेच्या हातात देते.

सोलांज


ला फाय, ६ जुलै

आन्येस,

पत्र दिलं नाही. सोमवारी मोरिसे घाईत होता. मंगळवारी मला वाटलं, भाषा जरा मऊ करावी. मग शनिवार आला. मग तीन तारखेला तिएरीचा फोन आला, आणि त्यानं "मादाम" म्हटलं, एरवी तो "सोलांज" म्हणतो, तेव्हाच मला कळलं.

गाड्या सगळ्या वेळेवर होत्या. ग्रेनोब्लला मी पहिल्यांदाच गेले. तुझं स्वयंपाकघर पाहिलं. जेलीची बाटली उघडलेली होती, चमचाभर कमी होती. खिडकीतून तुझे डोंगर दिसतात. मला ते जवळ आल्यासारखे वाटले, नको इतके.

काल दफनानंतर, तुझ्या शाळेतल्या बायका बश्या विसळत असताना, तिएरी मला बाल्कनीत घेऊन गेला. माझं एप्रिलमधलं पत्र त्याच्या खिशात होतं. त्यानं सांगितलं की ते वाचून तू हसलीस आणि म्हणालीस, "बघ, अजून घासाघीस करतेय." आणि नंतर, शेवटी शेवटी, तू त्याला थडग्यावरच्या दगडाबद्दल सांगितलंस. "माझ्या नावाखाली एक ओळ मोकळी ठेव. आई कधी तोंड उघडेल तर कोरून घे."

"दगडवाला सोमवारी येतोय," तिएरी म्हणाला. तो किती बारीक झालाय. "तिनं तुमच्यावर कधी विश्वास टाकणं सोडलं नाही, सोलांज. मला राग येत नाही. फक्त सांगा. काय कोरू?"

पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. पर्स माझ्या मांडीवर होती.

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तो म्हणाला, "तुम्ही लिहिलं होतंत की माहीत आहे."

मी म्हटलं, "तिनं यावं म्हणून तसं लिहिलं होतं."

तो आत जाऊन बश्या पुसायला लागला.

मला वाटलं होतं तू गेल्यावर तरी भीती संपेल. संपली नाही. तू आता कुठेच जाऊ शकत नाहीस, आणि तरी मी दार धरून उभी आहे.


ग्रेनोब्ल, २ नोव्हेंबर

आन्येस,

मृतांचा दिवस. मी शेवंतीच्या दोन कुंड्या आणल्या, पांढऱ्या. इथं फाटकाबाहेर विकत मिळतात, पण मी आपल्या अंगणातल्या आणल्या, गाडीभर लोकांच्या शिव्या खात. तिएरी सकाळीच येऊन गेलेला दिसतो, त्याच्या कुंड्या होत्या. आम्ही एकमेकांना फोन करत नाही.

दगड साधा आहे, तुझ्या मनासारखा. वरती तुझं नाव, आन्येस, लग्नाचं आडनाव, माहेरचं देबोर्द. खाली एक ओळ गुळगुळीत, कोरी. त्याखाली जन्म-मृत्यूची दोन सालं. पाऊस पडून गेला होता आणि त्या कोऱ्या ओळीवर पाणी तसंच थांबलं होतं, अक्षरांवरून खाली वाहून गेलं होतं.

शेजारच्या थडग्यावर एक म्हातारी ब्रशनं शेवाळ खरवडत होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल, पायात रबरी बूट, तोंडाची टकळी चालू.

"तुमची कोण?"

"मुलगी."

"अरे देवा. एवढी तरुण." तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि परत खरवडायला लागली. "माझा नवरा आहे हा. जिवंतपणी स्वतःचे बूट पुसले नाहीत कधी, आता मी त्याचा दगड पुसतेय. तुम्ही लांबून येता?"

"लिमुझेंहून."

"बापरे. पण यायला हवंच." तिनं ब्रशच्या टोकानं तुझ्या दगडाकडे दाखवलं. "तुमची पोर गुणाची होती हो. माझ्या सुनेनं तर दगडावर बोटभरही जागा ठेवली नाही, मुद्दाम मोठी अक्षरं काढून घेतली भवानीनं. आणि तुमच्या मुलीनं बघा, जाताना आईची आठवण ठेवली. ती ओळ तुमच्यासाठी ना?"

मी कुंड्या खाली ठेवल्या. तुझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "माझ्यासाठी."